व्ही.पी. सुटली का?

आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. एक आमचं, एक काकांचं. २००९ साली आम्ही कोथरूडला राहायला आलो तेव्हा काकांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. पुण्यातल्या एका जुन्या आयुर्वेदिक औषधांच्या पेढीत टपालाने येणाऱ्या मागण्यांचे कारकून म्हणून त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. मी तेव्हा नुकतंच घरून काम सुरू केलं होतं. लोक गूगलवर काय शोधतात ते ओळखायचं, ते शब्द निवडायचे आणि त्यांवर लहान धंद्यांच्या जाहिराती लावायच्या, हे माझं काम. काकांनी आयुष्यात कधी माऊस हातात धरला नाही. तरी या कामात मला जे येतं त्याचा पाया त्यांनी घातला. हे त्यांच्या हयातीतच लिहायला हवं होतं.

माझ्या मावसभावाची, दादाची, देवगडजवळ हापूसची बाग आहे. माल व्यापाऱ्याला न घालता पुण्या-मुंबईच्या घरी थेट पेटी पोचवायची, असं त्याने २०१३च्या हंगामात ठरवलं आणि जाहिरातींची जबाबदारी माझ्यावर टाकली. गूगलच्या जाहिरातींना तेव्हा ॲडवर्ड्स म्हणत. तिथे जागा लिलावाने मिळते. एखाद्या शब्दावर कोण किती बोली लावतो आणि त्याची जाहिरात शोधणाऱ्याच्या किती उपयोगाची आहे, या दोन्हींवरून क्रम लागतो. जाहिरात नुसती दिसली तर पैसे पडत नाहीत, तिच्यावर क्लिक झालं की पडतात. मी आंब्याशी जुळणारे सुचतील तेवढे शब्द घेतले आणि पाडव्यापासून जाहिराती सुरू केल्या.

अक्षय्य तृतीया उलटली तोवर अडतीस हजार रुपये संपले होते. पावणेपाच हजारांच्या आसपास क्लिक झाले होते. ऑर्डरी मात्र दादाच्या अपेक्षेच्या पावपटही नव्हत्या, आणि ज्या होत्या त्यांतल्या काही दारातून परत येत होत्या. झाडावरून उतरवलेलं फळ कुणासाठी थांबत नाही. परत आलेली पेटी दोन दिवसांत मिळेल त्या भावाला फुंकावी लागे. दादा मला एका शब्दाने बोलला नाही. मला त्याचाच जास्त त्रास झाला.

त्या संध्याकाळी काकू कैरीची डाळ घेऊन आल्या, मागोमाग काका. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "काय झालं गं?" मी सगळं सांगितलं. क्लिक म्हणजे काय ते समजावून घेतल्यावर ते म्हणाले, "म्हणजे पावणेपाच हजार पत्रं आली म्हण की. आणि व्ही.पी. किती सुटल्या?"

मला प्रश्नच कळला नाही. मग ते खुर्ची ओढून बसले.

पेढी दिवाळी अंकांत जाहिराती द्यायची. वाचक पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर मागणी लिहून पाठवायचे. पार्सल व्ही.पी.ने जायचं. पोस्टमन ते दारात नेणार, गिऱ्हाईक पैसे मोजून सोडवून घेणार, मग ते पैसे मनीऑर्डरने पेढीकडे येणार. गिऱ्हाईक घरी नसेल, तेवढे पैसे नसतील किंवा मन बदललं असेल, तर पार्सल परत. टपालखर्च पेढीच्या अंगावर, बाटली फुटली तर तीही. "पत्र आलं म्हणजे विक्री झाली असं आमच्याकडे कुणी म्हणत नसे," काका म्हणाले. "व्ही.पी. सुटली की विक्री."

आणि कुठल्या अंकातल्या जाहिरातीची व्ही.पी. सुटली, हे त्यांना नेमकं कळायचं. सगळ्या अंकांत मजकूर तोच असे, पत्ता तेवढा वेगळा. एका अंकात पेढीच्या नावाखाली 'विभाग क', दुसऱ्यात 'विभाग ख', तिसऱ्यात 'विभाग ग'. असे विभाग पेढीत कुठेच नव्हते. सगळी पत्रं एकाच टेबलावर, काकांसमोर यायची. जो पत्त्यात विभाग लिहील त्याला घरगुती औषधांची एक पुस्तिका फुकट मिळे, म्हणून लोक आठवणीने लिहीत. काकांच्या रजिस्टरात चार घरं होती: विभाग, पत्रं, रवाना पार्सलं, सुटलेल्या व्ही.पी.

एका वर्षी सर्वांत जास्त खपाच्या अंकातून पत्रांचा पाऊस पडला. शेठ पुढच्या वर्षीचे सगळे पैसे त्याच अंकात घालायला निघाले. काकांनी रजिस्टर पुढे केलं. त्या अंकाच्या निम्म्याहून जास्त व्ही.पी. परत आल्या होत्या. एका लहानशा अंकातून पत्रं थोडी आली होती, पण जवळजवळ प्रत्येक पार्सल सुटलं होतं. शेठनी त्या लहान अंकात पान मोठं केलं.

"रजिस्टर आहे का अजून?" मी विचारलं.

"ते पेढीचं. तिथेच राहिलं. घरं डोक्यात आहेत." त्यांनी माझ्या शंभरपानी वहीतलं एक पान मागून घेतलं आणि पट्टीने चार घरं आखली.

माझी चूक त्या पानावर उघडी पडली. माझ्याकडे पहिली दोन घरं होती: शब्द आणि क्लिक. दादाच्या घरी वहिनीच्या वहीत शेवटची दोन होती: ऑर्डर आणि आलेले पैसे. मधली भिंत पाडायचं मला सुचलंच नव्हतं. कुठल्या शब्दाने पैसे खाल्ले आणि कुठल्या शब्दाने आणले, हे आम्हा दोघींपैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

उरलेल्या हंगामात आधी घाण काढली. आपण विकत घेतो तो कीवर्ड, आणि माणूस टाइप करतो तो शोधशब्द. हे दोन वेगळे असतात. कीवर्ड 'ब्रॉड' म्हणजे सैल जुळणीवर ठेवला, तर गूगल त्याच्या दूरच्या नात्यातल्या शोधांवरही जाहिरात दाखवतं. शोधशब्दांचा अहवाल उघडून मी एकेक ओळ काकांना वाचून दाखवली. 'मँगो ऑनलाइन' या शब्दावर कपडे शोधणारे येत होते, कारण मँगो नावाचा कपड्यांचा एक परदेशी ब्रँड आहे. 'हापूस' या शब्दावर कलमं विकत घेणारे शेतकरी येत होते. आंब्यावर निबंध शोधणारी शाळकरी मुलं होती, आमरसाची कृती शोधणाऱ्या गृहिणी होत्या. त्यांतलं कुणीच चुकीचं शोधत नव्हतं. त्यांच्या वाटेत जाहिरात मी उभी केली होती. कलम, रोप, निबंध, कृती, कपडे, नोकरी असे शब्द नकारयादीत घातले, म्हणजे ते शोधात आले की आमची जाहिरात दिसणार नाही. तिला आम्ही नेगेटिव्ह कीवर्ड म्हणतो. काका म्हणाले, "हे बरं आहे. आम्हाला फुकट पुस्तिकेसाठी लिहिणारी पोरं अशी गाळता आली नाहीत."

२०१४च्या हंगामासाठी आम्ही विभाग पाडले. जाहिरातीच्या दुव्यात एक रिकामी जागा ठेवता येते. क्लिक झाला की ज्या कीवर्डमुळे जाहिरात दिसली तो शब्द गूगल तिथे भरून देतं. ऑर्डरच्या फॉर्ममध्ये गिऱ्हाइकाला न दिसणारं एक घर केलं. शब्द दुव्यातून त्या घरात यायचा आणि ऑर्डरबरोबर वहिनीच्या तक्त्यात उतरायचा. पण आंब्याची निम्मी गिऱ्हाइकं फोनवर बोलल्याशिवाय पैसे देत नाहीत. फळ केवढं, पिकलेलं की आढीतलं, साका निघाला तर बदलून देणार का, हे त्यांना माणसाच्या तोंडून ऐकायचं असतं. फोनवर शब्द कसा उतरणार? तिथे काकांचे विभाग उपयोगी पडले. शब्दांच्या प्रत्येक गटासाठी वेगळं पान केलं आणि त्यावर ठळक आकडा टाकला: 'फोनवर ११ हा आकडा सांगा, पेटीबरोबर आमसुलाची पुडी मिळेल.' दुसऱ्या पानावर १२, तिसऱ्यावर १३. आमसूल दादाच्या घरचंच होतं. लोकांनी आकडे आठवणीने सांगितले.

मेअखेरीस चारही घरं भरली, आणि माझे तीन समज मोडले.

पहिला समज असा की जास्त शोधले जाणारे शब्द जास्त विकतात. 'मँगो ऑनलाइन'वर दर १०० क्लिकांमागे एखादी ऑर्डर येत होती. क्लिकला ८ रुपये धरले तर एका ऑर्डरसाठी ८०० रुपये जात होते, आणि डझनामागे नफा २०० रुपये. दुसरा समज असा की भाव विचारणारा नुसता भाव विचारून जातो. 'हापूस पेटी भाव' हा शब्द मी कद्रूंचा म्हणून जवळजवळ सोडूनच दिला होता. त्यावर १०० क्लिकांमागे ९ ऑर्डरी निघाल्या आणि परत आलेली पेटी क्वचितच. पेटी हा शब्द लिहिणाऱ्याचं घ्यायचं आधीच ठरलेलं असतं, त्याला फक्त कुणाकडून ते ठरवायचं असतं. 'कार्बाइडशिवाय पिकवलेला' असं शोधणारे थोडेच होते. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी लोकांच्या मनात धास्ती असते. ती माणसं आधी फोनवर पंधरा मिनिटं प्रश्न विचारत आणि मग दरवर्षी पेटी घेत.

तिसरा समज मोडला तो मला सर्वांत जवळचा वाटतो. महागडा क्लिक टाळायचा, असं मी धरून चालले होते. 'पुण्याला आंबे पाठवा' या अर्थाचे इंग्रजी शब्द अमेरिकेतून आणि आखातातून शोधले जात. त्या क्लिकला ३० रुपये पडत. पण ती मुलं आई-वडिलांसाठी, सासऱ्यांसाठी, कधी शाळेतल्या बाईंसाठीही पेट्या मागवत. पैसे आगाऊ भरत, एका वेळी पाच-पाच डझन घेत आणि पत्त्याखाली लिहीत, 'बाबांना जिना चढवत नाही, वर नेऊन द्या.' काका तो तक्ता वाचत होते. "ही व्ही.पी. सुटलेलीच येते," ते म्हणाले आणि चष्मा काढून पुसत बसले. त्यांचा मुलगा तेव्हा ह्यूस्टनला होता.

पुढे मला कळलं की काकांच्या विभागांना मोठी वंशावळ आहे. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकी जाहिरातकाराने १९२३ साली 'सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग' हे छोटं पुस्तक लिहिलं. कुपनावर खूण घालावी, कुठल्या जाहिरातीने किती खर्चात किती गिऱ्हाइकं आणली ते मोजावं आणि मगच पैसे वाढवावेत, असा त्याचा आग्रह होता. पुढे शोधाच्या शब्दांचा लिलाव १९९८ साली बिल ग्रॉस यांच्या गोटू या कंपनीने सुरू केला, आणि ऑक्टोबर २०००मध्ये गूगलने ॲडवर्ड्स काढलं ते ३५० जाहिरातदारांना घेऊन. काकांनी हॉपकिन्सचं नावही ऐकलं नव्हतं. त्यांना ही रीत त्यांच्या आधीच्या दिवाणजींनी शिकवली होती. त्या दिवाणजींची आठवण ते दर वेळी काढत, आणि रीत स्वतःची आहे असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

आमच्या दुव्यांमध्ये 'यूटीएम' अशी तीन अक्षरं असतात. कुठल्या जाहिरातीतून कोण आलं ते त्यावरून कळतं. त्यातला 'यू' अर्चिनचा. अर्चिन ही एक लहान अमेरिकी कंपनी. २००५ साली ती गूगलने घेतली, तिच्या सॉफ्टवेअरमधून गूगल ॲनालिटिक्स उभं राहिलं आणि कंपनीचं नाव मागे पडलं. अक्षरं मात्र आजही कोट्यवधी दुव्यांत आहेत. हे काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "असंच असावं. ज्याच्याकडून घेतलं त्याची खूण राहावी."

२०१६ साली दुसरा धडा मिळाला. तोवर दादाच्या बागेचं नाव झालं होतं, आणि अहवालात सर्वांत जास्त विक्री बागेच्या नावावरच दिसू लागली. मी बाकीच्या शब्दांवरचे पैसे कमी करून नावावर वाढवायला निघाले. काका म्हणाले, "समज, तुझ्या दादाकडे कुणी पहिल्यांदाच चाललंय. गावात उतरलं, टपरीवर विचारलं, घर सापडलं. तो कशामुळे आला? टपरीवाल्यामुळे?"

गूगलचा हिशेब तेव्हा मुळात टपरीवाल्याचाच असे. शेवटचा क्लिक ज्या शब्दावर, सगळं श्रेय त्याला. प्रत्यक्षात गिऱ्हाईक आधी 'देवगड आणि रत्नागिरी हापूस फरक' शोधतं, चार दिवसांनी 'पेटी भाव' बघतं, घरात बोलतं, आणि मग बागेचं नाव लिहून येतं. मी पहिला शब्दही तक्त्यात नोंदवायला लागले, तेव्हा नावावरच्या बऱ्याच ऑर्डरींच्या मागे हे साधे, चौकशीचे शब्द उभे दिसले. ते मी तोडणार होते.

"आम्ही एका वर्षी एका अंकातली जाहिरात मुद्दाम गाळली," काका म्हणाले. "तिच्यावाचून काय बिघडतं ते बघायला." आम्ही दोन आठवडे बागेच्या नावावरची जाहिरात बंद ठेवली. ज्यांना नाव ठाऊक होतं ते जाहिरातीखालच्या साध्या दुव्यावरून येत राहिले आणि ऑर्डरी फारशा हलल्या नाहीत. हाच प्रयोग ईबेच्या अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ साली फार मोठ्या प्रमाणावर केला होता, हे मी नंतर वाचलं. त्यांचा निबंध २०१५मध्ये 'इकॉनोमेट्रिका'त छापून आला. कंपनीच्या स्वतःच्या नावावरच्या जाहिराती थांबवल्या तर जवळजवळ सगळे लोक फुकटच्या दुव्यावरून येतात, असं त्यांना आढळलं. ज्यांना कंपनीची फारशी ओळख नाही अशा लोकांवर मात्र जाहिरातीचा परिणाम दिसला. २०१६पासून आमचे पैसे अनोळखी माणसाच्या शब्दांवर लागतात.

मग यंत्र बदललं. किती बोली लावायची ते गूगलचं यंत्रच ठरवू लागलं. सप्टेंबर २०२०पासून शोधशब्दांच्या अहवालातून तुरळक शोधले जाणारे शब्द गाळले गेले, म्हणजे ज्यांचे पैसे आपण भरतो असे काही शब्द आपल्याला दिसेनासे झाले. २०२३ साली पहिल्या क्लिकला श्रेय द्यायची किंवा सर्वांना सारखं वाटायची सोय काढून टाकली. आता शेवटचा क्लिक तरी धरा, नाहीतर यंत्र वाटेल तसं धरा. २०२०मध्ये अहवाल आखडला तेव्हा मी हवालदिल होऊन काकांकडे गेले. त्यांचं वय तेव्हा पंच्याहत्तरीपुढे होतं, ऐकू कमी येत होतं. ते म्हणाले, "त्यांची वही त्यांच्याकडे. तुझी वही तुझ्याकडे हवी."

आज मला या सल्ल्याची किंमत अधिक कळते. प्रत्येक क्लिकला गूगल एक लांबलचक खूणक्रमांक लावतं. तो क्रमांक ऑर्डरबरोबर जपून ठेवला, तर पैसे प्रत्यक्ष आल्यानंतर ती विक्री गूगलला परत कळवता येते. ही सोय २०१३पासून आहे. यंत्र आपण जे कळवू तेच शिकतं. नुसत्या चौकशा कळवल्या तर ते आणखी चौकशा आणून देतं. सुटलेल्या व्ही.पी. कळवल्या तर पैसे देणारी माणसं शोधतं. म्हणून मी फोन, भरलेले फॉर्म, दारातून परत आलेल्या पेट्या यांतलं काहीही विक्री म्हणून पाठवत नाही. पैसे जमा झाले आणि पेटी उघडून तक्रार आली नाही, की दोन दिवसांनी क्रमांक पाठवते. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी मी संगणक उघडू देत नाही. पट्टी देते आणि चार घरं आखायला सांगते.

काकांनी माझ्याकडून कधी काही घेतलं नाही. दादाने २०१४च्या हंगामाअखेरीस त्यांना एक पेटी भेट म्हणून पाठवली, तर त्यांनी पैसे माझ्या हातात ठेवले आणि पावती फाडायला लावली. मी तक्त्यात ऑर्डर भरताना 'शब्द' या घरापाशी थांबले. काका मागे उभे होते. म्हणाले, "रिकामं नको ठेवूस. कशामुळे आलं ते लिही." मी 'शेजार' लिहिलं. त्यांनी मान डोलावली. त्यानंतर दर वर्षी त्यांची एक पेटी आणि दर वर्षी तोच शब्द.

२०२२च्या पावसाळ्यात काका गेले. त्यांनी आखलेलं शंभरपानीतलं ते पान माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. बॉलपेनची शाई फिकट झाली आहे, पण 'विभाग' हा शब्द वाचता येतो.

पेटी दर अक्षय्य तृतीयेला समोरच्या दारात जाते. काकू पैसे मोजून देतात, मी पावती फाडते. तक्त्यात शब्दाच्या घरात अजूनही 'शेजार' लिहिलेलं असतं, आणि शेवटच्या घरात 'सुटली'.